सरदारांचं जेवण व्हायचंय

दों सोएरो जागेवर नव्हते.

पेन्यासेका गावाच्या टेकाडावरच्या दगडी कपेलात, म्हणजे छोट्याशा चर्चात, नव्या कोऱ्या छपराखाली, पांढरे झगे घातलेली परदेशी मंडळी एका रिकाम्या चौथऱ्याभोवती कोंडाळं करून उभी होती. छातीवर लाल क्रूस, पायांत डोंगर चढायचे बूट आणि चेहऱ्यावर सुतक. चौथरा बघून झाल्यावर ती सगळी गाइडकडे, म्हणजे ग्रासिएतकडे, बघायला लागली आणि ग्रासिएत दाराकडे. आठशे वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाला यायला उशीर होतोय, हे पाहुण्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं ते तिला सुचेना.

"हा चौथरा बाराव्या शतकातला आहे," ती शेवटी म्हणाली.

"ते झालं," मंडळींचा प्रमुख अर्नाउट म्हणाला. "पण वरचे सरदार?"

"येताहेत. वाटेत असतील."

अर्नाउट हा बेल्जियममधला निवृत्त दंतवैद्य. उभा जन्म लोकांच्या दाढा उपटण्यात गेला आणि उतारवयात त्याला साक्षात्कार झाला, की आपण मुळात टेम्पलर, म्हणजे जुन्या धर्मयुद्धांतले सरदार आहोत. त्याच्यासारखेच आणखी दहा-बारा जण त्याला भेटले. जगात असे लोक एकमेकांना कसे सापडतात कोण जाणे, पण सापडतात. मग त्यांनी शुभ्र झग्यांचा संघ काढला आणि जुन्या सरदारांची थडगी, किल्ले, कपेलं धुंडाळत ते युरोपभर फिरायला लागले. पेन्यासेकाच्या कपेलाचं कोसळलेलं छप्पर त्यांनीच बांधून दिलं होतं. अट एकच. संत मार्टिनच्या सणाला दों सोएरोंना त्यांच्या चौथऱ्यावर परत निजवायचं, आणि संघाने त्यांच्यासमोर शपथ घ्यायची. मग पेन्यासेकाचं नाव सरदारांच्या यात्रेत लागणार होतं.

आता हे दों सोएरो जागेवर का नव्हते, ते सांगायला हवं, कारण गावातली माणसं ते सांगत नाहीत. त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही.

दों ही इकडे मानाने लावायची पदवी. हे दों सोएरो म्हणजे चेस्टनटच्या लाकडातून कोरलेला, माणसाएवढा, उताणा निजलेला सरदार. अंगात चिलखत, पायाशी कुत्रा, छातीवर मूठ. मुठीतली तलवार कधीच गेली, नुसतं भोक राहिलं. थडग्यावर ते शतकानुशतकं सुखाने पडून होते. मग एका हिवाळ्यात वादळ झालं, छप्पर खाली आलं, आणि भर पावसात गावकऱ्यांनी त्यांना शिडीवर घालून पायथ्याच्या पहिल्या घरात नेलं. एका दिवसापुरतं. दुसऱ्या दिवशी शेजारीण म्हणाली, तुमच्याकडेच का म्हणून? तिसऱ्या दिवशी तिची शेजारीण म्हणाली. पेन्यासेकात इतकंच पुरतं. सात हिवाळे झाले, सरदार घरोघर पाहुणचार घेत फिरत होते आणि त्याची एव्हाना रीतच होऊन गेली होती.

रीत अशी. ज्या घरी दों असतील तिथे त्यांचं ताट वाढायचं आणि त्यांच्या वतीने घरच्यांनी ते संपवायचं. ताट चाटूनपुसून स्वच्छ झाल्याशिवाय सरदार उठत नाहीत. त्यांच्या ताटातलं मीठ घरचं नसतं. ज्या घराची पाळी पुढची, त्या घरून ते पुडीत बांधून येतं, म्हणजे पुढचं घर तयार आहे असा निरोप. दोन घरांच्या मधे त्यांना जमिनीला टेकवायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे ते फक्त चुलीच्या घरी जातात. पेन्यासेकात घरं मोजतच नाहीत, चुली मोजतात. धुराडं असेल, धूर दिसत असेल, तर ती चूल. नसेल तर तुम्ही गावात राहता खरे, पण मोजणीत नाही.

ग्रासिएत मोजणीत नव्हती.

ती सेतुबालची, समुद्राकाठची. लग्न होऊन या डोंगरात आली. नवरा कामासाठी लक्झेंबर्गला गेला आणि तिकडेच त्याने दुसरी चूल मांडली. ती माघारी गेली नाही. जुन्या टपाल कचेरीच्या माडीवर दोन खोल्यांत राहिली. तिथे धुराडं नव्हतं, विजेची शेगडी होती. वादळ झालं तेव्हा ती लिस्बनला होती, गाइडच्या परीक्षेला. विषय टेम्पलर सरदार. ती पहिली आली आणि परत येऊन बघते तर तिचा सरदार लोकांच्या घरी सूप पीत बसलेला. दों सोएरो कुठल्या लढाईत होते, कुठल्या उन्हाळ्यात त्यांचा घोडा मेला, त्यांनी मठाला किती कुरण दिलं, सगळं तिला पाठ होतं. कपेलाची किल्लीही तिच्याकडे. पण सात वर्षांत दों एकदाही तिच्याकडे जेवायला आले नाहीत, आणि तिच्या दारात कधी मिठाची पुडी आली नाही. तिला याचं फार वाईट वाटायचं. ते ती कुणाला सांगत नसे. लोकांना सांगायची ती अशी, की ऐतिहासिक ठेव्याला हरभऱ्याचं सूप पाजणं हा अडाणीपणा आहे.

म्हणून तिला दों चौथऱ्यावर हवे होते. चौथऱ्यावर निजले की ते कुणाच्याच घरचे राहणार नव्हते. म्हणजे इतरांचे जेवढे, तेवढे तिचेही होणार होते. तिच्यापुरता आजचा सण एवढाच होता.

"आपण त्यांच्याकडेच जाऊ," ती अर्नाउटला म्हणाली.

"कुणाकडे?"

"सरदारांकडे. झेफेरिनोकाकांकडे आहेत."

पांढऱ्या झग्यांची रांग टेकडी उतरून गावात शिरली. वाटेत एका म्हातारीने क्रूस केला, तिला वाटलं कुणी तरी गेलं.

झेफेरिनो पूर्वी बस चालवायचा. आता बायको नव्हती, बस नव्हती, स्वयंपाकघर तेवढं होतं. दार उघडंच होतं. आत टेबलाशी बाकावर भिंतीला तिरके टेकवलेले दों सोएरो. डोक्याला हिरवी विणलेली टोपी, गळ्यात चौकड्यांचा रुमाल, तलवारीच्या भोकात टीव्हीचा रिमोट. समोर ताट.

मंडळींनी उंबऱ्यातच गुडघे टेकले.

"उठा, उठा," झेफेरिनो म्हणाला. "आणि पाय पुसा. सकाळीच फरशी पुसलीय."

"झेफेरिनोकाका," ग्रासिएत दातओठ खात म्हणाली, "सकाळी कपेलात पोचवतो म्हणाला होतात."

"म्हणालो होतो की. तेव्हा हरभरे शिजले नव्हते."

"काय म्हणतात ते?" अर्नाउटने विचारलं.

ग्रासिएतला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ते म्हणतात, सरदारांचं जेवण व्हायचंय."

अर्नाउटने ताटाकडे पाहिलं. खारवलेला मासा, हरभरे, बटाटे, वर ऑलिव्हचं तेल. मग त्याने सरदारांकडे पाहिलं.

"एक घास खाल्लाय त्यांनी," झेफेरिनो म्हणाला.

"त्यांनी का तुम्ही?" ग्रासिएतने विचारलं.

"त्यांच्या वतीने मी. कोर्टात वकील बोलतो तेव्हा कोण बोलतं, वकील का आपण?"

"मग संपवा ना लवकर! ही माणसं इतक्या लांबून आलीत."

"लवकर कसा संपवू? डावी दाढ दुखतेय माझी."

ही गोष्ट तिने भाषांतर करून सांगायला नको होती, पण सवयीने सांगितली. दाढ म्हणताच अर्नाउटचा चेहराच बदलला. सरदार गेला आणि दंतवैद्य आला. त्याने झग्याच्या बाह्या वर सारल्या, खिशातून बॅटरी काढली आणि झेफेरिनोची हनुवटी धरली. बाकीचे सरदार झगे सावरत भोवती जमून तोंडात डोकावायला लागले.

"ही काढायला हवी," अर्नाउट म्हणाला. "आत्ता. दोन मिनिटांचं काम."

"दाढेला हात लावाल तर दोंना आठवडाभर ठेवून घेईन," झेफेरिनो तोंड उघडं ठेवूनच ओरडला.

शेवटी तोडगा निघाला तो असा, की दोंच्या वतीने झेफेरिनो एकट्यानेच जेवलं पाहिजे असा काही नियम नाही. घरात जो असेल त्याने खावं. सरदार मंडळी टेबलाला बसली. पण झेफेरिनोला कितीतरी दिवसांनी घरात इतकी माणसं मिळाली होती. एकाने ताट संपवत आणलं की तो वर डाव ओतायचा आणि म्हणायचा, "घ्या हो, लाजू नका, दों काही बोलत नाहीत." अर्नाउटने तिसऱ्यांदा खाल्लं. एका सरदाराने कमरेचा पट्टा सैल केला. आणखी एक जण बाहेर जाऊन पायरीवर बसला आणि डोळे मिटून कसलीशी प्रार्थना म्हणायला लागला. संघाच्या उपवासाच्या शपथेचं काय झालं ते नंतर कुणी काढलं नाही.

पातेल्याचा तळ लागला. ताट कुणी तरी पावाने पुसून घेतलं.

"झालं," ग्रासिएत म्हणाली. "आता उचला."

"उचलतो ना," असं दारातून उत्तर आलं.

दारात दोना कुश्तोदिया उभी होती. नखशिखांत काळे कपडे, हातात काठी, मागे उचलायला आलेले चार बाप्ये. वय विचारलं की सांगायची, तुझ्या आईला विचार. फेरी कुणाकडून कुणाकडे जायची, कुणाचा खाडा धरायचा, कुणाचा माफ करायचा, हे सगळं तिच्या डोक्यात. पाद्री चार गावांत मिळून एक होता आणि तोसुद्धा या बाबतीत तिला विचारून बोलायचा.

"आज माझी पाळी," ती म्हणाली. "मीठ माझ्याकडून आलंय. बघ, पुडी पडलीय तिथे."

"दोना कुश्तोदिया, आज त्यांना कपेलात न्यायचं ठरलंय. सगळ्यांच्या समोर ठरलंय."

"कपेलात कुणाकडे?"

"कुणाकडे म्हणजे? ते त्यांचं स्वतःचं घर आहे!"

"घर? सात वर्षांत तिथे कुणी घोटभर पाणी तरी तापवलं का?"

"त्यांना पुरलंय तिथे!"

"मग काय झालं? पुरलेल्या माणसाला परत तिथेच नेऊन झोपवायचं? एकटं? थंडीत? तुमच्या सेतुबालला करत असतील तसं. आमच्याकडे माणूस जेवायला आला की त्याला दगडावर नाही निजवत."

चार बाप्ये हसले. झेफेरिनो हसला नाही.

"छप्पर यांनी बांधून दिलंय," ग्रासिएत झगेवाल्यांकडे हात करून म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तुम्ही सगळे तेव्हा हो म्हणालात."

"छपराला हो म्हणालो. छप्पर चांगलंय. पण छपराने चूल होत नाही, पोरी. चूल नाही तिथे दों जात नाहीत. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," ग्रासिएत म्हणाली. "माझ्याएवढं कुणाला ठाऊक असणार?"

झेफेरिनो रिकाम्या ताटात बघत बसला. कुश्तोदियाने काठी या हातातून त्या हातात घेतली. मग बाप्यांनी दोंच्या मुठीतला रिमोट काढून मालकाला दिला, सरदारांना शिडीवर घातलं आणि टोपीसकट उचलून कुश्तोदियाच्या घराकडे नेलं.

"कुठे चालले?" अर्नाउटने विचारलं.

"पुढच्या जेवणाला," ग्रासिएत म्हणाली. तिला रडू येत होतं आणि परक्यांसमोर रडायचं नव्हतं. "चला, मी तुम्हाला थडग्यावरची अक्षरं दाखवते."

कपेलात पोचेपर्यंत वारा सुटला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथे तर नवरदेवच दुसऱ्याच्या पंगतीला गेला होता. मंडळी भिंतीला लागून उभी राहिली. पोटं तुडुंब, बोटं गारठलेली. ग्रासिएत अक्षरं वाचून दाखवत होती आणि कुणी ऐकत नव्हतं.

बाहेर अंगणात संध्याकाळच्या सणासाठी चेस्टनट भाजायची मोठी लोखंडी शेगडी आणून ठेवली होती. शेजारी चेस्टनटचं पोतं, पाइनची बोंडं, लाकडं.

"ती आत घेतली तर?" अर्नाउटने विचारलं. "थोडी ऊब. माझ्या दोन बंधूंना सांधेदुखी आहे."

इतकी वर्षं ग्रासिएत प्रत्येक टोळक्याला दारातच बजावत आली होती. कपेलात काडी ओढू नये, मेणबत्ती लावू नये, भिंतीला हात लावू नये, मोठ्याने शिंकूसुद्धा नये, रंग उडतो. आता तिने रिकाम्या चौथऱ्याकडे पाहिलं आणि हात झटकले.

"पेटवा," ती म्हणाली. "काय जळायचंय आता?"

लाकडं ओली होती. टेम्पलरांनी जेरुसलेम कसं राखलं असेल कोण जाणे, यांना शेगडी राखता येईना. नुसता धूर. अर्नाउटने झगा काढला आणि तो झग्यानेच वारा घालायला लागला. बोंडांनी एकदम पेट घेतला, झग्याच्या कडेने पण घेतला. तिघांनी मिळून त्याच्यावर बूट आपटले. विझला तेव्हा झगा बरोबर अर्धा उरला होता. धूर मात्र मनसोक्त झाला, छतापर्यंत चढला, नव्या कौलांखाली वाट शोधत फिरला आणि घंटेच्या कमानीतून जाडजूड लोटाने बाहेर पडला.

खाली गावात कुणी तरी किंचाळलं, "कपेल पेटलं!"

मग सगळं गाव टेकडी चढायला लागलं. बादल्या, घमेली, दुधाची भांडी, एकाने तर चुलीवरचं सूपच उचलून आणलं. पुढे कोण धावत होतं? ते चार बाप्ये. वाटेत दर दारात थांबवून लोकांनी दोंची विचारपूस केली होती, म्हणून ओरडा ऐकू आला तेव्हा ते अजून कुश्तोदियाच्या दारापासून चार पावलांवर होते. अजून घरात शिरले नव्हते, आणि दोन घरांच्या मधे दोंना खाली टेकवायचं नाही. आग लागली तरी रीत ती रीत. त्यांनी शिडी खांद्यावर घेतली आणि ते तसेच धावत सुटले. हिरवी टोपी घातलेले सरदार टेकडीवर सगळ्यांच्या आधी पोचले. जिवंतपणी कुठल्या लढाईत ते इतके पुढे असतील असं वाटत नाही.

दारात येऊन बाप्ये थबकले. आत आग नव्हती. धुराने काळी पडलेली झगेवाली मंडळी शेगडीभोवती बसून चेस्टनट सोलत होती.

लोक बादल्या घेऊन उभेच राहिले. सर्वांत शेवटी धापा टाकत कुश्तोदिया आली. तिने शेगडी पाहिली. बाहेर जाऊन घंटेच्या कमानीतून निघणारा धूर पाहिला. परत आत आली.

"हे काय?" तिने विचारलं.

झेफेरिनोने एक चेस्टनट उचलला, फुंकला, उजव्या दाढेखाली घातला.

"चूल," तो म्हणाला.

"ही चूल?"

"वरून धूर निघतोय. तुम्हीच म्हणता ना, धूर निघेल ती चूल. मी नाही म्हणत, तुम्ही म्हणता."

कुश्तोदियाच्या कपाळाला आठ्या पडल्या. स्वतःचाच नियम अंगावर आला की माणूस कसा दिसतो, ते त्या दिवशी गावाने पाहिलं. ती बराच वेळ धुराकडे बघत राहिली. बाप्यांचे खांदे भरून आले, एक जण म्हणाला, "दोना कुश्तोदिया, काय ते ठरवा हो, जड आहेत हे."

"चूल कुणाची पण?" ती म्हणाली.

ग्रासिएतने सवयीने भाषांतर केलं. अर्नाउट उठला, अर्धा झगा खांद्यावर टाकला आणि छातीला हात लावून म्हणाला, "आमची. आमच्या संघाची."

"तुम्ही संध्याकाळी बसमध्ये बसणार. चूल काय बसमध्ये घालून नेणार? उद्या दोंच्या पुढे ताट कोण ठेवणार?" ती वळली. "कपेलाची किल्ली कुणाकडे असते?"

तिला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. सगळे ग्रासिएतकडे बघायला लागले. ग्रासिएतने खिशातून किल्ली काढली. वीतभर लांब, गंजकी. ती तिने वर धरली, शाळेत पोर हात वर करतं तशी.

"मग अशी उभी काय राहिलीस?" कुश्तोदिया तिच्यावर खेकसली. "माणूस टेकडी चढून आलाय. वाढ त्याला काहीतरी!"

दोंना चौथऱ्यावर निजवलं. वाढायला ग्रासिएतकडे काहीच नव्हतं. कुणी बटाटे दिले, कुणी परसातली हिरवी कोबीची पानं आणली, पातेलं झेफेरिनोने दिलं, खाली अजून हरभऱ्याचा करपा होता. शेगडीवर तिने सूप केलं. आयुष्यात हजारदा केलेलं साधं सूप, पण पानं चिरताना ती लक्ष घालून, अगदी केसासारखी बारीक चिरत होती. मीठ तेवढं घातलं नाही. दोंच्या ताटातलं मीठ पुढच्या घरून यायचं असतं, आणि पुढचं घर कुश्तोदियाचं होतं. कुश्तोदियाने मीठ दिलं नाही. ग्रासिएतने मागितलं नाही.

मग संघाची शपथ झाली. अर्नाउटने बेल्जियमहून आणलेली चकचकीत तलवार दोंच्या मुठीत खोचली.

"जेवणाच्या वेळी तलवार?" कुश्तोदिया म्हणाली, तलवार काढून त्याच्या हातात दिली आणि भोकात लाकडी चमचा खोचला.

तेव्हा शुभ्र झग्यांच्या संघाने, तोंडाला काजळी फासलेल्या अवस्थेत, हिरवी टोपी घालून चमचा धरलेल्या सरदारासमोर गुडघे टेकून प्राण असेतो धर्माचं रक्षण करण्याची शपथ घेतली. काही जणांचे डोळे भरून आले. धुराने असतील. अर्नाउटने उरलेला अर्धा झगा दोंच्या अंगावर पांघरला, आणि संत मार्टिनचा सण असल्यामुळे गावातल्या बायकांना ते फार आवडलं. संतानेही थंडीत कुडकुडणाऱ्याला अर्धाच झगा दिला होता, बाकीचा अर्धा कुठे गेला ते कुणी विचारत नाही.

सूप अळणी होतं. पाहुण्यांनी भलेपणाने प्यायलं. "चव फार सात्त्विक आहे," अर्नाउट म्हणाला. बसमध्ये चढण्यापूर्वी त्याने ग्रासिएतचा हात दोन्ही हातांत धरला आणि सांगितलं, की इतकी कपेलं पाहिली, पण ज्या सरदाराला भेटायला आधी जेवावं लागतं असा हा एकच. पेन्यासेका यात्रेत पक्कं.

"उद्या सकाळी नेईन हं," जाताना कुश्तोदिया बजावून गेली. "एक दिवस म्हणजे एक दिवस. जास्त नाही."

सकाळी धुकं होतं. ग्रासिएतने शेगडी पुन्हा पेटवली होती. ती चौथऱ्याच्या कडेवर बसली होती, मांडीवर दोंचं ताट. तिने त्यांची टोपी सरळ केली होती. कुठल्या लढाईत कोण जिंकलं, यातलं काहीही ती त्यांना सांगत नव्हती. नवरा गेला त्या वर्षी माडीवरच्या खोलीत थंडी किती होती, तेवढं सांगून झालं होतं. जेवताना माणूस बोलतो तसं.

दारात काठी वाजली. कुश्तोदिया, मागे चार बाप्ये, शिडी.

"झालं का?"

ग्रासिएतने ताटाकडे पाहिलं. सूप होतं तेवढंच होतं. तिने चमचा हातात घेतला, परत ठेवला. मग तिने मान वर केली आणि सात वर्षं ज्या वाक्याची शरम वाटली, जे काल मान खाली घालून परक्यांना सांगितलं, तेच स्वच्छ आवाजात म्हणाली, "सरदारांचं जेवण व्हायचंय अजून."

बाप्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुश्तोदिया काठी टेकत आत आली. वाकून तिने ताटात बोट बुडवलं, चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"व्हायचंच," ती म्हणाली. "अळणी कोण जेवणार?"

तिने काळ्या एप्रनच्या खिशात हात घातला आणि कागदाची पुडी काढली. ती काल रात्रीच बांधलेली असावी, चुरगळली होती. पुडी ग्रासिएतच्या मांडीवर टाकून ती बाप्यांकडे वळली.

"ऐकलंत ना? चला घरी. उद्या या."